रस्त्यावरून हळू जाण्याचा हक्क



हल्ली आपल्या पोरांच्या मोबाइलवर लोरायडर गाड्यांचे रील सर्रास दिसतात. साठ वर्षं जुनी शेव्हरोले इम्पाला, रंगाला अशी झळाळी की अजून वाळलाच नसावा, पुढची चाकं जमिनीवरून उडतायत, मागच्या भिंतीवर भलंमोठं चित्र, रात्रीचे दिवे आणि कडेला कॅमेरे रोखून उभी असलेली गर्दी. आपल्यातली जाणती मंडळी हे बघून म्हणतात, ही पोट भरलेल्यांची चैन आहे. पोरं म्हणतात, नुसती मजा आहे, यात राजकारण कशाला घुसवता? या दोन्ही मतांशी माझं भांडण आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात पूर्व लॉस एंजेलिस नावाची वस्ती आहे, तिथल्या व्हिटियर बुलेव्हार्ड या रस्त्यावर या गाड्यांचा इतिहास घडला. त्या रस्त्यावर रात्री कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस ज्याचा फोटो काढतो, तो रस्त्यावरच्या हक्काचा पन्नास-साठ वर्षांचा झगडा आहे. त्याला ते ठाऊक असो वा नसो.

हा झगडा चिकानोंचा. चिकानो म्हणजे अमेरिकेत राहणारे मेक्सिकन वंशाचे लोक. पूर्वी हा शब्द हेटाळणीने वापरला जायचा. 1960 च्या दशकात तरुणांनी तोच उचलला आणि अभिमानाने स्वतःला लावला. ‘दलित’ या शब्दाचं राजकारण ज्यांनी अभ्यासलं आहे, त्यांना हे वेगळं समजावायला नको. जात आणि वंश एकच आहेत असं मी म्हणत नाही. आपल्याकडची श्रेणीबद्ध विषमता ही वेगळी चीज आहे, तिला धर्मग्रंथांचा आधार आहे, आणि उगाच तुलना करून तिचं गांभीर्य कमी करू नये. पण एका गोष्टीत दोन्हीकडचा अनुभव जवळ येतो. दाबलेल्या माणसाने सजून, वाहनावर बसून, चारचौघांसमोरून सावकाश जाणं हे वरच्यांना सहन होत नाही.

आपल्या संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्यासोबत ‘रस्ते’ हा शब्द मुद्दाम लिहिलेला आहे. तेवढ्याने भागलं नाही. 2015 साली ॲट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती करून लिहावं लागलं की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सायकल किंवा मोटारसायकलवर बसायला, सार्वजनिक ठिकाणी पायताण किंवा नवे कपडे घालायला, लग्नाची वरात काढायला, वरातीत घोड्यावर किंवा दुसऱ्या वाहनावर बसायला अडवणं हा गुन्हा आहे. म्हणजे एकविसाव्या शतकात संसदेला मोटारसायकल आणि नवे कपडे यांच्यासाठी कायदा करावा लागला. हे वाक्य डोक्यात ठेवून आता लॉस एंजेलिसला चला.

सुरुवात कपड्यांपासूनच करावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांमध्ये झूट सूट नावाचा पोशाख आला. लांब कोट, रुंद खांदे, वर ढगळ आणि घोट्याशी आवळलेली पँट. जून 1943 मध्ये खलाशी आणि सैनिक टोळ्यांनी शहरात फिरले, दिसेल त्या झूट सूटवाल्या पोराला धरून मारलं, त्याचे कपडे रस्त्यावर उतरवले. पोलिसांनी अटक केली ती बहुतेक मार खाणाऱ्यांना. नंतर शहराच्या कौन्सिलने हा पोशाख घालण्याविरुद्ध ठराव केला. गुन्हा काय, तर ऐपतीपेक्षा आणि ‘लायकी’पेक्षा जास्त कापड अंगावर घालणं. आपल्याकडे कुणाच्या बायकांनी कुठले दागिने घालायचे आणि कुणी किती लांब धोतर नेसायचं, याचे नियम कुणी केले होते ते आठवून बघा.

युद्ध संपल्यावर जुन्या गाड्या स्वस्तात मिळू लागल्या. गोरी पोरं त्या गाड्यांचं इंजिन वाढवून त्या पळवायला लागली. चिकानो पोरांनी नेमकं उलट केलं. मागच्या डिकीत वाळूची, सिमेंटची पोती टाकली, स्प्रिंगा कापल्या, गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणली आणि ती सावकाश चालवायला लागले. त्यांच्या स्पॅनिशमध्ये याला म्हण पडली, ‘बाहितो इ सुआवेसितो’, खाली आणि हळुवार. इथे थोडं थांबून विचार करण्यासारखं आहे. वेगाने जाणाऱ्या गाडीत कोण बसलंय हे दिसत नाही. हळू जाणारी गाडी बघावीच लागते, आणि तिच्यात बसलेला माणूसही बघावा लागतो. कारखान्यात, शेतात, हॉटेलच्या मोरीत दिवसभर राबणाऱ्या आणि तिथे कुणाच्याही नजरेत न भरणाऱ्या माणसाने शनिवारी रात्री सगळ्या रस्त्याला आपल्याकडे बघायला लावलं.

व्यवस्थेने लगेच कायदा काढला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात 24008 क्रमांकाचं कलम आलं. गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आला तर ती गाडी बेकायदा. पोलिसांना गाडी अडवायला कारण मिळालं, आणि कुणाची अडवायची हे ठरलेलंच होतं. त्यावर 1959 मध्ये रॉन अगिरे नावाच्या तरुणाने तोड काढली. लढाऊ विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप त्याने आपल्या कॉर्व्हेट गाडीला बसवले. आता बटण दाबलं की गाडी खाली, पोलीस दिसला की बटण दाबून कायद्याच्या उंचीला. आज रीलमध्ये जी गाडी उड्या मारताना दिसते, तिची ती यंत्रणा पावती चुकवण्यासाठी जन्माला आली. नाच नंतर आला. 1958 ते 1964 च्या इम्पालाची चासी एक्स अक्षराच्या आकाराची होती, तिच्यात हा जुगाड बसवणं सोपं जायचं, म्हणून इम्पालाला एवढं मोल.

याच काळात पूर्व लॉस एंजेलिस आणि शेजारच्या बॉइल हाइट्समधून एकामागून एक महामार्ग काढले गेले. मोठमोठे चौक, पूल, रॅम्प. त्यासाठी मेक्सिकन कुटुंबांची घरं पाडली. रस्त्यासाठी घरं घेतली आणि मग त्याच लोकांना सांगितलं की रस्त्यावर रेंगाळू नका. समृद्धी असो की मुंबईतले फ्लायओव्हर, रस्त्यासाठी कुणाची वस्ती उठते आणि त्यावरून कोण जातं हा हिशोब आपणही करत असतो.

आता गाडीवरून भिंतीकडे वळू. फोटो काढणारे या दोन्ही गोष्टी एकाच चौकटीत घेतात, कारण एकापुढे दुसरी शोभून दिसते. पण त्यांचं नातं शोभेपेक्षा जुनं आहे. मेक्सिकोचा कम्युनिस्ट चित्रकार दाव्हिद आल्फारो सिकेरोस 1932 मध्ये लॉस एंजेलिसला आला. भिंतीवर रंग चढवायला त्याने ब्रश बाजूला ठेवून स्प्रे गन हातात घेतली, गाड्या रंगवतात तशी. चित्राची आखणी करायला कॅमेरा आणि प्रोजेक्टर वापरला. पुढे त्याने डुको हा गाड्यांसाठी बनवलेला लॅकर रंगच चित्रांसाठी वापरला. गॅरेजमधली अवजारं आणि कामगाराचा रंग घेऊन कला करायची, ही वाट त्याने त्या शहरात दाखवली. कँडी पेंट मारणारा गॅरेजवाला आणि भिंत रंगवणारा पोरगा एकाच घराण्यातले आहेत असं मी म्हणतो ते यासाठी.

त्या वर्षी सिकेरोसला ओल्व्हेरा स्ट्रीटवर एका इमारतीच्या वरच्या मजल्याची भिंत मिळाली. तो रस्ता पर्यटकांसाठी ‘गोड मेक्सिको’ म्हणून सजवलेला होता. विषय दिला होता उष्ण कटिबंधातली अमेरिका, म्हणजे केळी, पोपट, हसरे चेहरे. सहकाऱ्यांबरोबर त्याने बाकीचं चित्र केलं आणि उद्घाटनाच्या आदल्या रात्री एकट्याने मधली आकृती रंगवली. 9 ऑक्टोबर 1932 ला पडदा उघडला तेव्हा लोकांना दिसला क्रुसावर बांधलेला आदिवासी मजूर आणि त्याच्या डोक्यावर अमेरिकेचा गरुड. त्याच वेळी सरकार मेक्सिकन वंशाच्या हजारो लोकांना, त्यात अमेरिकेत जन्मलेलेही होते, गाड्यांत भरून सीमेपलीकडे पाठवत होतं. चित्राचा जो भाग रस्त्यावरून दिसायचा तो आधी आणि नंतर सगळंच चित्र चुन्याने पुसलं गेलं.

पण चुना टिकत नाही. 1960 च्या दशकाच्या शेवटी तो उन्हापावसाने उडायला लागला आणि खालची आकृती पुन्हा वर यायला लागली, बरोबर चिकानो आंदोलन पेटत होतं तेव्हा. आज ती भिंत जतन केलेली आहे, 2012 पासून लोकांना बघता येते. रंग मात्र फिके आहेत. नव्याने रंगवता आलं नाही, कारण मूळ चित्राचे जे फोटो उरलेत ते सगळे कृष्णधवल आहेत, त्यावेळचा रंगीत फोटो नाही. क्रुसावरच्या माणसाची कातडी नेमकी कुठल्या छटेची होती, हे आज त्या फोटोंवरून सांगता येत नाही. रात्री भिंतीचे फोटो काढत फिरणाऱ्यांना वेळ घालवणारे म्हणून हिणवणाऱ्यांनी या एका गोष्टीवर जरा बोलावं.

कॅमेऱ्याचं महत्त्व सर्वांत भयंकर रीतीने कळलं ते 29 ऑगस्ट 1970 ला. व्हिएतनाम युद्धात चिकानो पोरं त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त मरत होती. त्याविरुद्ध वीस-तीस हजार लोकांचा मोर्चा याच व्हिटियर बुलेव्हार्डवरून लगुना पार्ककडे गेला. बायका, मुलं, लग्नाच्या कपड्यांतलं एक जोडपंसुद्धा. पार्कात लोक बसलेले असताना शेरिफच्या पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. संध्याकाळी रस्त्यावरच्या सिल्व्हर डॉलर कॅफेत रुबेन सालाझार बसले होते. लॉस एंजेलिस टाइम्सचे स्तंभलेखक आणि स्पॅनिश वाहिनीचे वृत्तसंचालक. पोलिसांच्या वागणुकीवर सातत्याने लिहिणारे. एका डेप्युटीने दारातून अश्रुधुराचं नळकांडं झाडलं, ते थेट त्यांच्या डोक्यात बसलं आणि ते जागीच गेले.

समोरच्या बाजूला ‘ला रासा’ या चिकानो पत्राचे राउल रुइस आणि जो रासो कॅमेरे घेऊन उभे होते. हत्यार कॅफेच्या दाराकडे रोखलेला पोलीस त्यांच्या फोटोत स्पष्ट दिसतो. ते फोटो त्यांच्या पत्रात छापले गेले आणि लॉस एंजेलिस टाइम्सलाही छापावे लागले. चौकशीत ते फोटो पुढे आले. मृत्यू दुसऱ्याच्या हातून झाला एवढं बहुमताने ठरलं, आणि खटला कुणावरच चालला नाही. न्याय मिळाला नाहीच. पण पोलिसांची गोष्ट ही एकमेव गोष्ट राहिली नाही. ‘ला रासा’च्या छायाचित्रकारांचे पंचवीस हजारांवर फोटो आज लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाच्या चिकानो अभ्यास केंद्रात जपलेले आहेत. रमाबाई नगर आठवणाऱ्यांना मी अजून काय सांगू? 11 जुलै 1997 ला आपल्यातल्या किती जणांच्या हातात कॅमेरा होता?

त्या मोर्चानंतर रस्त्यावरची शांतता म्हणजे पोलिसांची गाडी, असा अर्थ झाला. व्हिटियरवरची नाताळची मिरवणूक बंद पडली. तरी शनिवार-रविवारच्या रात्री लोरायडरांची रांग सुरू राहिली. 1974 मध्ये हेसुस वालादेस यांची ‘जिप्सी रोझ’ नावाची गुलाबी, अंगभर हाताने रंगवलेल्या गुलाबांची 1964 ची इम्पाला एका टीव्ही मालिकेच्या सुरुवातीला घराघरांत दिसली. म्हणजे देशाला गाडी आवडली. गाडी चालवणारा मात्र नको होता. 1979 मध्ये शेरिफने सुटीच्या रात्री व्हिटियर बुलेव्हार्ड अडथळे लावून बंद केला. पुढे 1980 च्या दशकात राज्याने शहरांना कायदेशीर मुभाच दिली की ‘क्रूझिंग’, म्हणजे एकाच रस्त्यावरून सावकाश फेऱ्या मारणं, बंद करा. ठरावीक वेळात एकाच ठिकाणावरून पुन्हा पुन्हा गेलात तर दंड. रस्त्यावर कुठे उभं राहिलात, काय केलंत हा प्रश्नच नाही. दोनदा दिसलात हा गुन्हा. ‘जिप्सी रोझ’ 2017 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत गेली, वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत उभी राहिली, आणि तेव्हाही कॅलिफोर्नियाच्या अनेक गावांत तिच्या बहिणी रस्त्यावर चालवणं बेकायदाच होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये एबी 436 या कायद्यावर सही झाली, 1 जानेवारी 2024 पासून क्रूझिंगवरची बंदी आणि खाली आणलेल्या गाडीचं ते जुनं कलम दोन्ही गेलं. चौसष्ट-पासष्ट वर्षं लागली.

या सगळ्यात रात्रीचं एक वेगळं स्थान आहे. दिवसा रस्ता मालकांचा असतो, दुकानदाराचा असतो, कामावर जाण्याचा असतो. भिंतीवरची कामंही रात्रीच झाली. 1972 मध्ये विली एरोन या तरुण चित्रकाराच्या भावाला सिटी टेरेस भागातल्या एका गल्लीत टोळीवाल्यांनी भोसकलं. एरोनने त्याच गल्लीतल्या भिंतीवर चित्र काढलं, भिंत फोडून बाहेर येणारे चेहरे. भिंतीवर आधी टोळ्यांची नावं लिहिलेली होती. ती त्याने पुसली नाहीत, चित्रातच ठेवली. हा निर्णय मला फार मोठा वाटतो. सुशोभीकरणवाले येतात ते आधी भिंत पांढरी करतात, मग तिच्यावर फुलपाखरू काढतात. एरोनने वस्तीचं लिहिलेलं तसंच ठेवून तिच्याशी भांडण केलं. पुढच्या वर्षी त्याने आणि ग्राँक या चित्रकाराने एस्ट्राडा कोर्ट्स या सरकारी घरांच्या वसाहतीत 1970 च्या मोर्चाचं चित्र सुरू केलं, पूर्ण काळ्या-पांढऱ्या रंगात, एकेका चौकटीत, बातम्यांतल्या फोटोंसारखं. भिंतीनेच फोटोचं रूप घेतलं. याच एस्ट्राडा कोर्ट्समध्ये चे गेव्हाराच्या चेहऱ्याचं एक भित्तिचित्र आहे, त्यावर बजावलंय की आपण अल्पसंख्य नाही.

ज्युडी बाका यांचं काम मात्र दिवसाउजेडीचं. 1976 पासून सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या एका काँक्रीटच्या पूर-नाल्याच्या भिंतीवर त्यांनी चारशेहून जास्त पोरापोरींना घेऊन जवळपास अर्धा मैल लांबीचा कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगवला. त्यात अनेक पोरं पोलिसांच्या तावडीतून आलेली. पाठ्यपुस्तकात नसलेला इतिहास नाल्यात रंगवला गेला. यावर एक वेगळा लेख लिहायला हवा.

आता थोडं फोटोच्या तंत्राचं, कारण आपली पोरं विचारतात. कँडी पेंट हा एक रंग नसतो. खाली चंदेरी किंवा सोनेरी थर, त्यावर पारदर्शक रंगाचे अनेक हात, वर क्लिअर कोट. उजेड रंगातून आत जातो, खालच्या चंदेरी थरावर आपटून परत बाहेर येतो, म्हणून तो रंग खोल वाटतो. मोबाइलचा फ्लॅश समोरून मारला की बॉनेटवर पांढरा ठिपका येतो आणि खोली मरते. जुन्या सोडियम दिव्यांच्या पिवळ्या उजेडात लाल आणि जांभळा दोन्ही तपकिरी दिसायचे. म्हणून जुने लोक गाडी दुकानाच्या निऑन पाटीखाली किंवा पेट्रोल पंपाच्या छताखाली उभी करायला सांगायचे आणि उजेड बाजूने घ्यायचे. गाडी हळू चालते याचा फायदा असा की शटर जास्त वेळ उघडं ठेवूनही तिच्याबरोबर कॅमेरा फिरवला तर गाडी स्थिर येते आणि मागचा रस्ता वाहून जातो. उडणारी गाडी मात्र मोबाइलच्या नाइट मोडमध्ये भुतासारखी येते, कारण तो अनेक फोटो जोडून एक बनवतो. एवढं आलं की बाकी सरावाने येतं.

तंत्रापेक्षा अवघड गोष्ट पुढे आहे. हा फोटो शेवटी कुणाकडे जातो? कॅलिफोर्नियाने 1997 मध्ये ‘कॅलगँग’ नावाची टोळीवाल्यांची संगणकीय यादी सुरू केली. कुणाबरोबर दिसलात, कुठले कपडे, कुठला टॅटू, हाताची कुठली खूण, यावर माणूस त्या यादीत जाऊ शकत होता. 2016 च्या सरकारी लेखापरीक्षणात दिसलं की 42 जणांची नावं यादीत गेली तेव्हा त्यांचं वय एक वर्षापेक्षाही कमी होतं. म्हणजे तान्ही बाळं टोळीवाली. अशा ठिकाणी शनिवारी रात्री मौजेने काढलेला, नंबरप्लेट आणि चेहरे स्वच्छ दिसणारा फोटो पोलिसांच्या फाइलचं पान होऊ शकतो. मोर्चानंतर फोटो पाहून पोरं उचलली जातात हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. तेव्हा विचारून फोटो काढा, आणि कुठला फोटो टाकायचा नाही हेही ठरवा.

बाहेरून आलेल्या फोटोवाल्यांबद्दलही सरसकट बोलून चालणार नाही. इटलीहून आलेल्या गुस्मानो चेझारेत्ती यांनी 1975 मध्ये चिकानो भिंतलेखनावर पुस्तक काढलं. पण त्यात वाट दाखवणारा माणूस होता चाझ बोहोर्केस, जो स्वतः भिंतीवर लिहिणारा. 1986 मध्ये मेक्सिकोच्या ग्रासिएला इतुरबिदे यांनी व्हाइट फेन्स टोळीतल्या तरुणींचे भित्तिचित्रासमोर काढलेले फोटो आजही डोळ्याला डोळा भिडवतात. माझा आक्षेप आहे तो ज्याच्या फोटोखाली गाडीचं मॉडेल असतं, लेन्स असते, आणि गुलाब रंगवणाऱ्या हाताचं नाव नसतं त्याच्यावर. आपल्याकडे सफाई कामगारांचे फोटो पुष्कळांनी काढले. सुधारक ओलवेंनी काढले तेव्हा काय फरक पडला, ते दोन्ही शेजारी ठेवून बघा.

चिकानोंनी यावर उत्तर काढलं ते स्वतःच्या मासिकाचं. जानेवारी 1977 मध्ये सॅन होसे इथल्या तीन तरुणांनी ‘लोरायडर’ मासिक सुरू केलं. मोठ्या वृत्तपत्रांत या गाड्या फक्त गुन्ह्याच्या बातमीत दिसायच्या, इथे त्या मालकाच्या नावासह, क्लबच्या नावासह छापल्या जाऊ लागल्या. 1920 मध्ये बाबासाहेबांना ‘मूकनायक’ का काढावा लागला, हे ज्याला कळतं त्याला हेही कळेल. मात्र याच मासिकात पुढे गाडीशेजारी तोकड्या कपड्यांतली मुलगी उभी करायचा साचा पडला, आणि खपासाठी तो चालू ठेवला. गाडीचा मालक पुरुष, रंगवणारा पुरुष, फोटो काढणारा पुरुष आणि मुलगी म्हणजे गाडीचाच एक सुटा भाग. सन्मानाची लढाई म्हणायची आणि अर्ध्या समाजाला बॉनेटवर बसवायचं, हे चालणार नाही. जयंतीच्या मिरवणुकीत मुली कुठे असतात आणि त्यांचे फोटो कोण काढतं, हे आपणही तपासलं पाहिजे.

1972 हे वर्ष आपल्याला दलित पँथरमुळे पाठ आहे. पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, आणि पूर्व लॉस एंजेलिसच्या ब्राऊन बेरे या संघटनेसमोरही ब्लॅक पँथरचाच नमुना होता. त्याच काळात तिथे ‘आस्को’ नावाचा चार कलावंतांचा गट उभा राहिला. हॅरी गांबोआ, ग्राँक, विली एरोन आणि पात्सी वाल्देस. आस्को म्हणजे स्पॅनिशमध्ये किळस. नाताळच्या मिरवणुकीची जागा रिकामी पडलीच होती, तर 24 डिसेंबर 1972 ला ते स्वतःच भित्तिचित्राच्या वेषात व्हिटियर बुलेव्हार्डवरून चालत निघाले. वाल्देस काळ्या वस्त्रातली ग्वादालुपेची माता, ग्राँक नाताळचं झाड, आणि एरोन अनेक तोंडांची चालती भिंत.

त्याच वर्षी गांबोआ लॉस एंजेलिसच्या मोठ्या कलासंग्रहालयात गेले. त्यांच्या सांगण्यानुसार, इथे चिकानो चित्रकारांची कामं का नाहीत असं त्यांनी तिथल्या क्युरेटरला विचारलं. उत्तर मिळालं की चिकानो कला करत नाहीत, ते टोळ्यांत जातात. मग एका रात्री गांबोआ, ग्राँक आणि एरोन यांनी संग्रहालयाच्या पुलाच्या कठड्यावर स्प्रेने आपली नावं लिहिली, चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो तशी. सगळं संग्रहालयच आमचं चित्र. संग्रहालयाने काही तासांत ती नावं पुसून टाकली. पण त्याआधी, दिवस उजाडल्यावर, गांबोआंनी वाल्देसना तिथे उभं करून फोटो काढून घेतला होता. 2011 मध्ये त्याच संग्रहालयाने आस्कोचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि तो फोटो आत मांडला. फोटोत कठड्यावर तीन पुरुषांची नावं आहेत. वर उभी आहे ती वाल्देस, आणि तिचं नाव कठड्यावर नाही.